आमच्या केबलवर लागलेला जपानी पिक्चर

आमच्या घरातला फोन आमचा नव्हता, गावाचा होता. अण्णा पाटोद्यातले केबलवाले, त्यामुळे ज्याच्या टीव्हीवर मुंग्या आल्या तो आमच्याकडे फोन करायचा, ज्याची लाईट गेली तोही आमच्याकडेच करायचा, आणि ज्याला रविवारचा पिक्चर आवडला नाही तो तर हमखास करायचा. पिक्चर जणू अण्णांनीच काढला होता अशा थाटात लोक बोलत. "हालो, केबलवाले का? काय वो, हिरो मरायचाच व्हता तर लावला कशाला?" अण्णा कुठल्या तरी खांबावर तार ओढत असायचे, माय चुलीपुढं असायची, मग रिसीव्हर माझ्या कानाला. मी तेव्हा नववी-दहावीत असेन. आमच्या फोनचा आवाज इतका मोठा होता की शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही पलीकडचं सगळं ऐकू यायचं, आणि शेजारी कुणी ना कुणी उभं असायचंच. माणसांना काय खुपतं, कशानं रडू येतं, कशाचा राग येतो हे मला पुस्तकांच्या आधी त्या रिसीव्हरमधून कळलं. पुढं पुस्तकं बरीच वाचली, पण खोटं कशाला सांगू, त्याहून फार वेगळं काही कळलं नाही.

पुढच्या खोलीला आम्ही कंट्रोल रूम म्हणायचो. नाव मोठं, लक्षण खोटं. एका लाकडी मांडणीत खालपासून वरपर्यंत पेट्या, त्यांचे लाल-हिरवे दिवे, तारांचा गुंता, आणि दिवसरात्र चालणारी एक बारीक घूं. उन्हाळ्यात त्या खोलीत भट्टी पेटायची आणि थंडीत आमची मांजर सगळ्यात वरच्या पेटीवर झोपायची. गच्चीवर मोठी डिश होती. मायनं एकदा कुरडया वाळत घालायला डिशच्या पायाला दोरी बांधली, ती ओढली गेली, आणि अख्ख्या गावाच्या टीव्हीवर मुंग्याच मुंग्या. त्या दिवशी फोन इतका वाजला की अण्णांनी शेवटी तो उशीखाली दडपला. या सगळ्या चॅनलांशिवाय आमचं स्वतःचं एक चॅनल होतं. त्यावर अण्णा सीडी लावायचे. लग्नांच्या कॅसेटी, गणपतीची मिरवणूक, आणि रविवारी दुपारी, भारनियमनाची वेळ टाळून, एक पिक्चर. पिक्चरच्या सुरुवातीला आणि शेवटी जी नावं येतात ती अण्णा कधीच दाखवत नसत. लोक लगेच फोन करायचे, "नावं काय दाखवताय, पुढं सरकवा." म्हणून नावं आली की अण्णा त्यावर गावातल्या कापड दुकानाची, कोचिंग क्लासची, खताच्या दुकानाची जाहिरात चढवायचे. दुकानदार खूश, गाव खूश. या सवयीमुळे पुढं काय होणार आहे हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

माझी थोरली बहीण शकू, तिला आम्ही अक्का म्हणायचो. ती परळीला दिली होती. एका दुपारी ती एसटीतून एक पिशवी घेऊन उतरली आणि मायनं दारातूनच विचारलं, "विशू कुठाय?" विशू तिचा मुलगा, तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. अक्कानं पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि पीठ मळायला बसली. दाजींनी दुसरी बायको आणली होती, आणि पोरगं आमच्या वंशाचं आहे, ते आमच्याच घरात राहील, असं सासूनं सांगून हिला गाडीत बसवून दिलं होतं. हे आम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळलं, काही मायकडून, काही भिंतीआडून. परळीत थर्मल वीजकेंद्राची राख घरात, भांड्यात, अंथरुणात येऊन बसते. तिथल्या सवयीनं अक्का आमच्याकडंही ताट वाढण्याआधी पदरानं पुसून घ्यायची. पाटोद्यात कसली राख? पण तिचा हात थांबायचा नाही. येसराची आमटी ती मायपेक्षा चांगली करायची, भाकरी तर कागदासारखी पातळ. अण्णा जेवताना एकदाही म्हणाले नाहीत की चव छान आहे. चांगलं म्हटलं तर पोरीला वाटेल इथंच राहायला सांगतायत, असं त्यांच्या मनात असावं.

तीन-चार वर्षं अशीच गेली. त्यातल्या शेवटच्या वर्षी आमच्या घरात ते कार्टून आलं. लहान मुलांच्या चॅनलवर दुपारी लागायचं, जपानी होतं, पण बोलायचे हिंदीत. साको नावाचा एक मुलगा असतो. थंडीच्या मुलखात त्याच्या आईची चूल विझते, आणि एक पांढरं वारं येऊन त्या दोघांची ताटातूट करतं. मग साको मातीच्या मडक्यात विस्तव घेऊन आईचं घर शोधत निघतो. बरोबर एक लंगडी बकरी. विस्तव जिवंत ठेवायचा तर त्यात रोज आपलं काहीतरी घालावं लागतं. आज पायातले जोडे, उद्या टोपी. एवढीच गोष्ट. मी शाळेतून येऊन दप्तर टाकायचे आणि अक्का हातातलं निवडणं-टिपणं घेऊन टीव्हीपुढं बसलेली असायची. माय म्हणायची, "लेकरांचं कार्टून बगती, एवढी मोठी बाई." अक्का म्हणायची, "लेकराचंच हाय म्हून बगती." गावातही ते फार चालायचं. विस्तव शेजारच्या घरून आणलेला, त्यात गोवरी घालून राखेखाली झाकून ठेवलेला, हे आमच्या बायकांना कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. एका म्हातारीनं तर फोन करून मला सांगितलं होतं की त्या पोराला म्हणावं वरून राख टाक, विस्तव टिकतो.

मग ते चॅनल पैसे मागायला लागलं आणि अण्णांनी काढून टाकलं. साको अजून अर्ध्या वाटेवरच होता. गावातली पोरं रडली, फोन आले, अण्णांनी नेहमीप्रमाणे कानावर हात ठेवले. अक्का मात्र जेवेना. त्याच दिवसांत परळीहून निरोप आला होता. मध्यस्थ म्हणून येणारे दादाराव नावाचे एक पाहुणे होते. त्यांनी सांगितलं की शकूनं फारकत लिहून द्यावी, कोर्टकचेरी करू नये, म्हणजे ते लोक उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरगं पाटोद्याला पाठवतील. माय म्हणाली, "घे पदरात. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू न्हाई." अक्कानं विचार करते म्हणून सांगितलं आणि ती विचार करत बसली.

आमच्याकडं देवीला कौल लावायची रीत आहे. मनातलं विचारायचं, देवीच्या दोन्ही खांद्यांवर फूल चिकटवायचं आणि उजवं पडतंय की डावं ते बघत बसायचं. अक्काचं लग्न ठरवताना मायनं कौल लावला होता आणि देवीनं झटकन उजवा दिला होता. तेव्हापासून अक्का त्या देवळाच्या रस्त्यानं जात नसे. एके दिवशी सीताफळं खाता खाता ती मला म्हणाली, "बेबी, त्या साकोचा मोठा पिक्चर निगालाय म्हणत्यात. त्यात शेवट हाय. त्याला माय घावली तर मी फारकत देणार न्हाई. विशूलाच इचारा म्हनीन, कुणापाशी राहायचं ते. न्हाई घावली, तर सुट्टीतलं सुट्टीत." मी हसले. आता आठवतं तेव्हा हसू येत नाही. ज्या बाईचं देवानं ऐकलं नाही, माणसानं ऐकलं नाही, तिला कुणाला तरी विचारायचं होतं, आणि विचारण्याजोगं दुसरं कुणी उरलं नव्हतं. एवढं साधं होतं ते.

अण्णांना तिनं फक्त पिक्चर आणायला सांगितलं, कशासाठी ते सांगितलं नाही. अण्णा बीडला गेले की बसस्टँडजवळच्या एका दुकानातून सीड्या आणायचे. सीडीवरून सीडी करून देणारा माणूस होता तो. त्यानं पुढच्या खेपेला साकोचा पिक्चर दिला. एका पाकिटात दोन सीड्या, दोन्हींवर काही लिहिलेलं नाही, नुसता चकचकीत चांदीचा रंग. पाकिटात जी वर असते ती पहिली, हा अण्णांचा नियम. आजवर तो कधी चुकला नव्हता.

त्या रविवारी गावात पाण्याच्या टँकरपुढंही कधी झाली नसेल एवढी गर्दी टीव्हीपुढं झाली. आमच्या घरात शेजारच्या बायका येऊन बसल्या. पिक्चरमध्ये बोलणं फारच थोडं होतं, जेवढं होतं ते जपानीत, आणि खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. पाण्यानं भरलेलं घर, बर्फात रिकामा झोपाळा, मडक्यातून पांढरे पक्षी उडतायत, बकरी अचानक माणसासारखी रडतेय, असं काय काय दिसत होतं. मध्येच साको एका दारात मडकं ठेवतो आणि निघून जातो, सगळं पांढरं होतं. तिथं नावं आली, अण्णांनी कापड दुकान दाखवलं आणि दुसरी सीडी घातली. तिच्याही सुरुवातीला नावं होती, त्यावर खताचं दुकान गेलं. मग परत साको बर्फातून चालतोय, बकरी भेटतेय, आणि शेवटी ते घर येतं. चूल पेटलेली असते. आई दाराकडं पाठ करून बसलेली असते. ती वळत नाही, हाक मारत नाही. मांडीवर एक हात, ओठांवर जरासं हसू. साको आपणहून आत येतो, तिच्याजवळ बसतो, वाडग्यातून गरम काहीतरी खातो, आणि ती न बघताच त्याच्या डोक्यावर हात ठेवते. तिथं पिक्चर संपला. खोलीतल्या बायकांनी डोळ्याला पदर लावले. अक्का रडली नाही. उठून तिनं सगळ्यांना चहा केला, त्यात साखर दुप्पट पडली होती, आणि कुणी काही म्हटलं नाही.

मग फोन सुरू झाले. इतके कौतुकाचे फोन आमच्या घरात आधी कधी आले नव्हते आणि नंतरही आले नाहीत. मी उचलत होते आणि अक्का शेजारी उभी राहून ऐकत होती. एक पोरगा म्हणाला, "कार्टूनपेक्षा पिक्चर भारी हाय बे," आणि मुलगी बोलतेय हे कळल्यावर लाजून फोन ठेवला. एसटीतल्या कंडक्टरांचं म्हणणं होतं की अर्धा पिक्चर डोक्यावरून गेला, पण शेवट चांगला म्हणजे सगळं चांगलं. एका बाईला पक्षी कशाला उडत होते ते कळलं नव्हतं. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसरीनं तिला सांगितलं की ते साकोचे जुने दिवस होते, गेले उडून. शेवटी आमचे निवृत्त गुरुजी. त्यांचा फोन म्हणजे निकालच. ते सावकाश म्हणाले, "बेबी, अण्णांना सांग, असा पिक्चर मी बघितला न्हवता. पोरगं आधी दारापर्यंत जातं, धीर होत न्हाई, माघारी फिरतं, आन् मग परत येतं. आन् त्या आईनं एकदा तरी हाक मारली का? न्हाई. आई हाक मारत नसती. आई नुसती बसती. पोरगं येतंच." मी अक्काकडं पाहिलं. तिनं मान हलवली, जणू गुरुजी तिच्याशीच बोलत होते. त्याच संध्याकाळी तिनं अण्णांना सांगितलं, फारकत देणार नाही, बैठक बसवा, आणि पंचांना म्हणावं विशूलाच विचारा.

आता माझी चाळिशी उलटली आहे. तो पिक्चर जगभर नावाजलेला आहे हे मला फार उशिरा, मोबाईल हातात आल्यावर कळलं. त्याच्याखाली हजारो लोकांनी आपापली मतं लिहून ठेवली आहेत. कुणी म्हणतं विस्तव म्हणजे दुःख, कुणी म्हणतं विस्तव म्हणजे आई, बकरी म्हणजे बालपण, बर्फ म्हणजे विसर. कुणाला वाटतं मालिकेवर वाढलेल्या मुलांना दिग्दर्शकानं फसवलं. कुणी त्या शेवटावर एवढं लांबलचक लिहिलंय की वाचता वाचता आमटी करपावी. मी सगळं वाचते. इतकी शहाणी माणसं, इतकं बारीक बघणारी, पण पाटोद्यात तो पिक्चर कसा बघितला गेला ते कुणालाच ठाऊक नाही, आणि ठाऊक झालं तरी त्यांना त्याचं काय. कधी कधी मीही दोन ओळी लिहायला घेते आणि पुसून टाकते.

बैठक परळीला बसली, दाजींच्या एका नातेवाइकाच्या वखारीत. सिमेंटच्या पत्र्यांच्या थप्प्या लावलेल्या होत्या, बाहेर रेल्वेची शिट्टी, आणि खुर्च्यांवर हात ठेवला की हाताला राख. आमच्या बाजूची माणसं, त्यांच्या बाजूची माणसं, मध्ये दादाराव. चहा आला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या, मग दादाराव म्हणाले, "पोरीचं म्हणणं हाय, लेकराला इचारा. इचारू. पण मग लेकराचा शब्द तो शेवटचा. पुन्हा सुट्टीचं बी बोलायचं न्हाई." अण्णांनी अक्काकडं बघितलं. अक्का म्हणाली, "कबूल." तिच्या आवाजात जराही भीती नव्हती. येताना एसटीत मायनं तिच्यासाठी धपाटे काढले होते, तेही तिनं पोटभर खाल्ले होते. कित्येक महिन्यांत मी तिला तसं खाताना पाहिलं नव्हतं.

एका बाजूच्या सतरंजीवर अक्का, माय आणि मी. दुसऱ्या बाजूला दाजींची दुसरी बायको. मी तिला राक्षसीण समजून गेले होते. निघाली एक घाबरलेली, वाळकी बाई. तिच्या हाताला भाजल्याचा डाग होता आणि ती सारखी पदर सावरत होती. विशूला आत आणलं. शाळेचा गणवेश, इलॅस्टिकचा टाय, चेहऱ्यावर पावडर. आम्ही शेवटचं पाहिलं तेव्हा तो गुबगुबीत होता, आता पाय लांब झाले होते. दादारावांनी त्याला जवळ घेतलं आणि म्हणाले, "बाळा, घाबरू नको. तुझी आई कोणती ते तुला म्हाईत हाय ना? जा, तिच्यापाशी जाऊन बस."

विशू मध्ये उभा राहिला. त्यानं आधी आमच्याकडं पाहिलं. आणि अक्का काय करत होती? ती दाराकडं जराशी पाठ करून बसली होती. मांडीवर एक हात ठेवलेला, ओठांवर ते हसू. ती त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हती. ते बसणं मी ओळखलं. मायला पिक्चर तेवढा लक्षात नव्हता, तिनं अक्काला कोपरानं ढोसलं. "हाक मार गं," ती दबक्या आवाजात म्हणाली, "नुसती हाक मार. विशू म्हण." अक्कानं मान हलवून नको म्हटलं. मायनं परत ढोसलं. विशू तसाच उभा. तो बराच वेळ आमच्याकडं बघत होता, आणि मी आजही शपथेवर सांगेन की तो कशाची तरी वाट बघत होता. तेवढ्यात पलीकडून ती दुसरी बाई, अगदी सवयीनं, घरात म्हणावं तसं म्हणाली, "विशू, इकडं ये बाळा. बुटाची लेस सुटलीय बग, पडशील." आणि तो गेला. तिच्यापुढं पाय करून उभा राहिला. तिनं लेस बांधली.

दादाराव म्हणाले, "झालं मग." कुणी ओरडलं नाही, भांडण झालं नाही. फारकतीचा कागद आधीच तयार होता. अक्कानं सही केली, तिचं अक्षर सुरेख होतं. बाहेर पडताना विशू दाजींना विचारत होता की आता घरी जायचं का. परत येताना बीडच्या स्टँडवर आम्हाला पाटोद्याची गाडी मिळायला वेळ लागला. माय सगळ्यांसमोर अक्काला बोलली, जे तोंडाला येईल ते बोलली, "दगड हायेस तू, दगड. नऊ म्हयने पोटात ठिवलं आन् तोंडातून एक नाव निगालं न्हाई." लोक बघत होते. अक्का एवढंच म्हणाली, "माझ्याच्यानं काय झालं मला कळंना, माय." विशूला आम्ही त्यानंतर पाहिलं नाही. आता तो कुठंतरी पुण्याकडं नोकरीला आहे, त्याचं लग्न झालं, आणि लग्नाचा फोटो कुणाच्या तरी मोबाईलमधून फिरत फिरत आमच्यापर्यंत आला. अक्कानं तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि माझा फोन मला परत दिला.

दिवाळीत गुरुजींचा नातू सुट्टीला आला. तो औरंगाबादला इंजिनिअरिंग करायचा. गुरुजींनी त्याला मोठ्या कौतुकानं साकोच्या पिक्चरचा शेवट सांगितला असणार, कारण तो दुसऱ्याच दिवशी हसत हसत आमच्या घरी आला. "अण्णा, तो पिक्चर तुमी उलटा लावलता," तो म्हणाला. "दुसरी सीडी आदी लावलीत. मी कंप्यूटरवर बघितलाय ना. ते चुलीजवळचं जेवण सुरुवातीच्या भागातलं हाय, जुन्या दिवसांतलं. शेवटी साको दारात विस्तव ठिवतो आन् जातो, तेच खरं. विस्तव राखता राखता त्यानं सगळं त्यात घातलेलं असतं, आठवणी बी. ते पक्षी म्हणजे तेच. आईच्या दारात पोचतो, पण घर कुणाचं ते त्याला कळत न्हाई. आन् आतून तिला वाटतं, शेजारचं कुणीतरी विस्तव देऊन गेलं." तो अजून हसतच होता. त्याचा काही दोष नाही, त्याला काय माहीत. अण्णांनी दोन्ही सीड्या काढल्या, त्यानं दाखवल्या तशा लावल्या आणि उभ्यानंच सगळा पिक्चर पाहिला, नावांसकट. अक्का दारात उभी होती. हाताला पीठ होतं, ते वाळून गेलं.

पिक्चर संपल्यावर अण्णा खाली बसले. अक्कानं फारकत आधी का नाकारली होती, ती बैठकीत तशी का बसली होती, हे मी त्यांना तोवर सांगितलं होतं. "पोरी," ते म्हणाले, "माझ्या हातानं झालं." अक्का म्हणाली, "न्हाई वो अण्णा, तुमी काय मुद्दाम केलं?" त्या माणसाला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि पाहवलं नाही. अण्णा त्यानंतर बरीच वर्षं जगले, पण रविवारचा पिक्चर निवडायचं त्यांनी सोडून दिलं. जे हाताला येईल ते लावायचे. अक्का मात्र त्या दिवशी तिथंच उभी राहून म्हणाली, "रविवारी परत लावा. बरोबर लावा. गावाला खरं काय ते कळू द्या." अण्णा म्हणाले, "कशाला आता, बाई?" ती म्हणाली, "लावा."

लावला. अण्णांनी कापड दुकान, खताचं दुकान काही दाखवलं नाही. फोन मी उचलणार होते, पण अक्कानं स्टूल ओढलं आणि स्वतः बसली. फोन यायला लागले आणि यावेळी कौतुकाचा एकही नव्हता. "मागचाच बरा व्हता, हा कावून बदलला?" "शेवट कापला का काय?" "लेकरं रडायला लागली, जेवत न्हाईत, तुमाला काही वाटतं का?" गुरुजींचाही आला. त्यांना नातवानं सांगितलेलं पटलं नव्हतं. ते म्हणाले, "गोष्ट म्हून मागचीच बरोबर व्हती." अक्का प्रत्येकाला एकाच आवाजात सांगत होती, "मागचं चुकून लागलं व्हतं. खरं हे हाय." कुणी वाद घातला तरी तेच. मी तिला पाणी दिलं, ते तसंच राहिलं. मग फोन कमी होत गेले आणि सगळ्यात शेवटी एका बाईचा आला. कुठल्या आळीतली ते तिनं सांगितलं नाही. मागं मूल किरकिरत होतं, ती त्याला थोपटत असावी, बोलणं तुटक तुटक येत होतं.

"मला एकच सांगा बाई," ती म्हणाली, "पोरगं तर दारात आलतं. मग त्या आईनं हाक कावून न्हाई मारली?"

अक्कानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. पलीकडची बाई म्हणाली, "हालो, हायेत का तुमी?"

"हाय," अक्का म्हणाली. "तिला वाटलं, आपणहून येईल."

पलीकडं मूल मोठ्यानं रडायला लागलं आणि त्या बाईनं घाईत फोन ठेवला. अक्कानं रिसीव्हर तसाच कानाला धरून ठेवला होता.